सिम्युलेशन बरोबर, बोर्ड बंद: दोष फुकट सॉफ्टवेअरचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. किकॅड या सर्किट-बोर्ड काढण्याच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ५ व्होल्टचे ३.३ व्होल्ट करणारा छोटा सप्लाय बोर्ड काढला, त्यात एएमएस१११७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर. सोबत लॅटिस कंपनीच्या आइस४० घराण्यातला एफपीजीए (आतलं सर्किट आपण भरू शकतो अशी चिप) असलेला बोर्ड, त्यावर व्हेरिलॉग या हार्डवेअर-भाषेत लिहिलेला काउंटर आणि लुकलुकणारा एलईडी. किकॅडच्या ईआरसी (सर्किटच्या जोडण्यांची) आणि डीआरसी (बोर्डाच्या आखणीची) या दोन्ही तपासण्यांत एकही चूक नाही, इकारस या व्हेरिलॉग सिम्युलेटरमधलं सिम्युलेशनही बरोबर. प्रत्यक्षात मात्र रेग्युलेटर बोट टेकवता येणार नाही इतका तापतो आणि एलईडी लुकलुकण्याऐवजी मंद, सतत पेटून राहतो. गाइड म्हणतात, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये हे होणारच, महागड्या पॅकेजची क्रॅक कॉपी टाका.

क्रॅक टाकू नका. कायद्याचा आणि व्हायरसचा मुद्दा आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी तुमच्या दोन्ही अडचणी त्या कॉपीतही जशाच्या तशा आल्या असत्या. कोणतंही डिझाइन सॉफ्टवेअर, लाखाचं असो वा फुकटचं, तुम्ही त्याला जे सांगितलं त्याच्याशीच तुमचं काम ताडून पाहतं. टेबलावर ठेवलेला खरा रेग्युलेटर त्याला दिसत नाही. तो कसा आहे हे तुम्हीच सिम्बॉल (सर्किटच्या चित्रातली खूण), फूटप्रिंट (बोर्डावरची पॅडची मांडणी), मॉडेल (सिम्युलेशनसाठीचं वर्णन) आणि पिन फाइल (एफपीजीएचा कोणता सिग्नल कोणत्या पिनेवर) यांतून त्याला सांगितलेलं असतं. तिथे चुकीची माहिती गेली की सगळ्या तपासण्या हिरव्या होतात आणि बोर्ड तरीही चालत नाही.

आधी रेग्युलेटर. तुम्ही लिहिलंय की सिम्बॉल इंटरनेटवरून उतरवलेल्या लायब्ररीतला आहे, त्याला चार पिना आहेत आणि चौथी, म्हणजे पॅकेजचा रुंद धातूचा टॅब, तुम्ही ग्राउंडला जोडली आहे, ‘७८०५ला असतं तसं’. रोग इथेच आहे. ७८०५च्या टीओ-२२० पॅकेजचा धातूचा टॅब ग्राउंडला असतो, हे बरोबर. पण १११७ घराण्यातल्या रेग्युलेटरचा टॅब आतून दोन नंबरच्या पिनेला, म्हणजे आउटपुटला जोडलेला असतो. एलएम३१७चाही टॅब आउटपुटच. तुम्ही टॅब ग्राउंडच्या तांब्यावर सोल्डर केलात, म्हणजे आउटपुट थेट ग्राउंडला शॉर्ट केलंत. रेग्युलेटर स्वतःला वाचवायला करंट मर्यादेत ठेवतो आणि तेवढ्यातच भाजून निघतो.

ईआरसीने हे का पकडलं नाही? कारण तुमच्या सिम्बॉलमध्ये चौथी पिन ग्राउंडची आहे असं लिहिलेलं होतं आणि ती ग्राउंडलाच गेली. त्याच्या दृष्टीने सगळं सुसंगत. डीआरसी मुख्यतः तांब्या-तांब्यातलं अंतर, भोकं, कडा आणि अर्धवट राहिलेली जोडणी पाहते. तिच्या दृष्टीनेही सगळं सुसंगत. रेग्युलेटरच्या प्लास्टिकच्या आत पिन दोन आणि टॅब एकच धातूचा तुकडा आहे, ही गोष्ट तुमच्या कोणत्याच फाइलमध्ये नव्हती.

खात्री करून घ्यायला पाच मिनिटं लागतात. सप्लाय काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा. बोर्डावर न लावलेला सुटा १११७ घ्या आणि मधली पिन व टॅब यांवर प्रोब टेकवा: बीप येईल. मग बोर्डावर आउटपुट आणि ग्राउंडवर टेकवा: तिथेही बीप आला तर निदान पक्कं. किकॅडच्या स्वतःच्या लायब्ररीत या पॅकेजसाठी जो फूटप्रिंट आहे त्याच्या नावातच ‘टॅबपिन२’ असं लिहिलेलं आहे आणि त्यात टॅबच्या पॅडला नंबरही दोनच दिलेला आहे. तो आणि किकॅडचाच तीन पिनांचा सिम्बॉल वापरा. मग टॅबखालचं तांबं आपोआप ३.३ व्होल्टच्या नेटमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या गटात, जाईल, आणि ग्राउंडचा पोअर (मोकळ्या जागेत भरलेलं तांबं) त्याच्यापासून नियमाइतकं अंतर राखेल.

ते तांबं जरा मोठं ठेवा. उष्णता तिथूनच बाहेर पडते. ५ व्होल्टचे ३.३ करताना १.७ व्होल्ट रेग्युलेटरवर पडतात. ०.३ अँपिअर घेतलात की अर्धा वॅट त्या इवल्याशा पॅकेजमध्ये उष्णता म्हणून निघतो. वायरिंग बरोबर असूनही तो कोमट लागेल, ते ठीक आहे. आउटपुटच्या कपॅसिटरची किंमत आणि जात मात्र डेटाशीटमध्ये पाहूनच ठरवा. या घराण्यातले रेग्युलेटर त्या बाबतीत चोखंदळ आहेत, चुकीच्या कपॅसिटरवर आउटपुट डुलायला लागतं.

हाच प्रकार ट्रान्झिस्टरच्या बाबतीत फार होतो. बीसी५४७ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, असा धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. दोन्ही एनपीएन, दोन्ही टीओ-९२, दुकानदार ‘एकच आहे, लावा’ म्हणून हातात देतो. सिम्बॉल एकाचा आणि पार्ट दुसऱ्याचा झाला की कोणतीही तपासणी तुम्हाला वाचवत नाही. म्हणून माझा आग्रह असा: प्रत्येक पार्टची डेटाशीट उघडा, तिच्यातलं पिनांचं चित्र आणि किकॅडमधला फूटप्रिंट शेजारी शेजारी ठेवा, आणि एकेक पिन बोटाने मोजा. ‘वरून दिसणारं’ आणि ‘खालून दिसणारं’ चित्र कोणतं आहे तेही वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण बोर्ड डिझाइनमधलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

दुसरी सवय लावून घ्या: गर्बर फाइली (बोर्डाच्या एकेका थराची चित्रं) फॅब्रिकेटरला, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याला, पाठवण्याआधी बोर्ड कागदावर १०० टक्के मापात छापा. डिप (दोन रांगांत पाय असलेल्या) आयसीच्या शेजारच्या दोन पिनांमधलं २.५४ मिलिमीटर अंतर पट्टीने मोजून प्रिंटरने माप बदललेलं नाही ना ते पाहा. मग खरे पार्ट कागदावर ठेवा. कनेक्टर उलटा बसतोय, पॉटचा दांडा बोर्डाबाहेर जात नाही, इलेक्ट्रोलिटिक शेजारच्या हीटसिंकला घासतोय, हे सगळं कागदावरच कळतं. पार्ट आधी हातात असावे लागतात, एवढंच. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. तिथे जाऊन आधी पार्ट आणा, मग लेआउट पक्का करा. नंतर किकॅडच्याच गर्बर व्ह्यूअरमध्ये एकेक थर उघडून पाहा, विशेषतः बोर्डाची कड बंद आकृती आहे का आणि ड्रिल फाइल सोबत गेली आहे का.

डीआरसीचे आकडेही तुमचेच असतात. तुमच्याकडे क्लिअरन्स ०.२ मिलिमीटर ठेवला म्हणून डीआरसी खूश झाली, पण तुमचा फॅब्रिकेटर ०.२५पेक्षा बारीक काम करत नसेल तर त्या खुशीला अर्थ नाही. आधी त्याला किमान ट्रॅक, किमान अंतर, किमान भोक विचारा आणि ते बोर्ड सेटअपमध्ये भरा. ईआरसी ‘पॉवर इनपुट पिनेला कोणी पॉवर देत नाही’ अशी तक्रार करते तेव्हा अनेक जण इशाराच बंद करून टाकतात. तसं करू नका. पॉवर बाहेरून कनेक्टरमधून येते हे किकॅडला कळत नाही, म्हणून त्या नेटवर पॉवर फ्लॅग ठेवायचा असतो. तो ठेवताना एक क्षण थांबून खरंच तिथे पॉवर येते का हे स्वतःला विचारा.

फुकट म्हणजे कच्चं, हा समजही काढून टाका. किकॅडची सुरुवात १९९२ साली फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी केली. २०१३पासून सर्न या अणुभौतिकीच्या प्रयोगशाळेने त्यात माणसं आणि काम घातलं. ट्रॅक ओढताना बाकीचे ट्रॅक बाजूला सरकवणारा जो राउटर आज तुम्ही वापरता, तो त्यांचा. किकॅडमधून चालणाऱ्या एनजीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरचं मूळ बर्कली विद्यापीठाच्या स्पाइसमध्ये आहे, जो १९७३ साली बाहेर आला. पैसे देऊन मिळणारे बरेच नावाजलेले सिम्युलेटर त्याच मुळाचे वंशज आहेत.

एनजीस्पाइसबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमची अडचण तिथली नाही. दोनच गोष्टी. ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ असा इशारा आला तर बहुधा एखाद्या नोडला ग्राउंडकडे जाणारी डीसी वाटच नसते. दोन कपॅसिटरच्या मधला नोड हे नेहमीचं ठिकाण. तिथून ग्राउंडला मोठा रेझिस्टर टाका. दुसरी, उत्पादकाने दिलेल्या मॉडेलमधला पिनांचा क्रम आणि तुमच्या सिम्बॉलमधला क्रम वेगळा असू शकतो. किकॅडच्या सिम्युलेशन मॉडेलच्या खिडकीत तो जुळवून द्यावा लागतो, नाहीतर ऑप-अँपच्या दोन्ही इनपुटची अदलाबदल होते आणि आपण तासभर फीडबॅकचं गणित तपासत बसतो. काही कंपन्यांची मॉडेलं कुलूपबंद असतात, ती एनजीस्पाइसमध्ये चालत नाहीत. तेव्हा त्याच प्रकारच्या पार्टचं खुलं मॉडेल घ्यावं. एलटीस्पाइस फुकट आहे, पण मुक्तस्रोत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता एलईडी. तुम्ही ‘मंद, सतत’ हे दोन शब्द लिहिलेत ते फार कामाचे आहेत. क्लॉकच पोचला नसता किंवा काउंटर रिसेटमध्ये अडकला असता, तर एलईडी पूर्ण पेटलेला किंवा पूर्ण विझलेला दिसला असता. मंद आहे म्हणजे तो लुकलुकतोय, फक्त डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्या पिनेवर मोजा. ३.३ व्होल्टच्या निम्मं, १.६च्या आसपास दिसलं, तर अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद हे सिद्ध.

कारणही तुमच्याच वर्णनात आहे: सिम्युलेशन लवकर संपावं म्हणून काउंटर ४ बिटांचा केला होता. तो तसाच बोर्डावर गेला आहे. १२ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर ४ बिटांच्या काउंटरचा सर्वांत वरचा बिट सेकंदाला साडेसात लाख वेळा लुकलुकतो. २४ बिट ठेवलेत तर एक पूर्ण फेरा १,६७,७७,२१६ क्लॉकचा, म्हणजे सुमारे १.४ सेकंदाचा होतो आणि डोळ्याला स्वच्छ दिसतो. सिम्युलेशनसाठी मूळ फाइल बदलायची नाही. काउंटरची रुंदी पॅरामीटर करा, मूळ किंमत २४ ठेवा, आणि फक्त टेस्टबेंचमध्ये (सिम्युलेशनसाठी लिहिलेल्या चाचणीच्या फाइलमध्ये) मॉड्यूल बोलावताना ४ द्या.

ही चूक बोर्ड हातात न घेताही पकडता आली असती. योसिस हा व्हेरिलॉगचं चिपमधल्या घटकांत रूपांतर, म्हणजे सिंथेसिस, करणारा प्रोग्राम शेवटी एक यादी छापतो: कोणत्या जातीचे किती घटक लागले. बहुतेक जण ती न वाचता पुढे जातात. त्या यादीत ‘एसबी_डीएफएफ’ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे फ्लिपफ्लॉप, एकेक बिट साठवणारे घटक. २४ बिटांचा काउंटर लिहिला असेल तर तिथे २४ दिसले पाहिजेत. तुम्हाला ४ दिसतील. कधी शून्य दिसतात, आणि नवखा माणूस घाबरून जातो. त्याचा अर्थ असा की काउंटरचं आउटपुट कुठल्याच बाहेरच्या पिनेपर्यंत पोचत नाही, म्हणून योसिसने ते सगळं अनावश्यक ठरवून काढून टाकलं. आणि ‘लॅच इन्फर्ड’ अशी ओळ दिसली तर न मागितलेला साठवण-घटक (लॅच) तयार झालाय, बहुधा एखाद्या इफला एल्स नाही किंवा केसमध्ये डिफॉल्ट नाही. ती ओळ दिसली की पुढे जाऊच नका.

पुढची पायरी नेक्स्टपीएनआरची: घटक चिपवर कुठे बसवायचे आणि तारा कुठून न्यायच्या. इथे तुम्ही तीन गोष्टी सांगता. चिप आणि पॅकेज कोणतं, कोणता सिग्नल कोणत्या पिनेवर, आणि क्लॉक किती वेगाचा. पिन फाइलमध्ये एखादा सिग्नल लिहायचा राहिला तर आइस४०साठी तो स्पष्ट एरर देऊन थांबतो. तो एरर दाबून टाकणारा पर्याय आहे, तो वापरू नका. मात्र दुसऱ्याच बोर्डाची पिन फाइल दिलीत तर तो निमूट मान्य करतो, कारण त्याला तुमचा बोर्ड माहीत नाही. बोर्डाचा सर्किट डायग्राम उघडून क्लॉकची आणि एलईडीची पिन स्वतः शोधा. बऱ्याच बोर्डांवर एलईडी पिन खाली गेल्यावर पेटतो, हेही त्याच चित्रात कळेल.

वेगाचं तर जास्तच. काहीच सांगितलं नाही तर नेक्स्टपीएनआर १२ मेगाहर्ट्झ धरून चालतो आणि शेवटी ‘१२ला पास’ असं लिहितो. बोर्डावर १०० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर तो ‘पास’ तुमच्या कामाचा नाही. खरी वारंवारता त्याला द्या, आणि त्याने काढलेली कमाल वारंवारता तिच्यापेक्षा वर आहे का ते पाहा. पुश बटणाच्या बाबतीत टायमिंगचं हे गणित कामाला येत नाही. बटण क्लॉकच्या तालावर दाबलं जात नाही, म्हणून ते आत घेताना आधी दोन फ्लिपफ्लॉपमधून न्या आणि मग डिबाउन्स करा, म्हणजे दाबताना होणारी संपर्काची थरथर गाळा. सिम्युलेशनमध्ये बटण कायम शिस्तीत दाबलं जातं, म्हणून तिथे हा दोष कधीच दिसत नाही.

सिम्युलेशनबद्दल अजून एक. इकारसमध्ये सुरुवातीची किंमत न दिलेला रजिस्टर ‘एक्स’ असतो, आणि एक्समध्ये एक मिळवला तरी एक्सच. म्हणून आपण टेस्टबेंचमध्ये रिसेट देतो आणि सगळं सुरळीत होतं. बोर्डावर तो रिसेट कोण देणार? पिनेला पुल-अप (ती वर ओढून धरणारा रेझिस्टर) आहे का? व्हेरिलेटर हा दुसरा सिम्युलेटर वेगळ्या पद्धतीने चालतो. तो व्हेरिलॉगचं सी++ करून पळवतो, मोठ्या डिझाइनला खूप वेगवान, पण मुळात शून्य आणि एक याच दोन अवस्था धरतो. रिसेट विसरलेलं डिझाइन त्यात निर्दोष दिसू शकतं. शिकताना आधी इकारस, आणि वेव्हफॉर्म पाहायला जीटीकेवेव्ह.

ही साखळी आइस४०वर इतकी सरळ का चालते, तर २०१५ साली क्लेअर वुल्फ आणि मथियास लासर यांनी या चिपची बिटस्ट्रीम फाइल (चिपमध्ये भरायची माहिती) कशी रचलेली असते हे उलगडून आइसस्टॉर्म प्रकल्पात मांडलं. त्याआधी व्हेरिलॉगपासून चिपमध्ये भरण्यापर्यंतचा पूर्ण रस्ता खुल्या साधनांनी पार करता येत नव्हता. पुढे लॅटिसच्याच ईसीपी५साठी ट्रेलिस आणि गोविनच्या चिपसाठी अपिक्युला हे प्रकल्प आले. गोविनची चिप असलेला टँग नॅनो ९के हा स्वस्तातला बोर्ड त्यामुळेच खुल्या साधनांनी वापरता येतो. त्यावर क्रिस्टल २७ मेगाहर्ट्झचा आहे, वरची गणितं तशी बदलून घ्या.

इन्स्टॉल करताना योसिस, नेक्स्टपीएनआर, इकारस वेगवेगळे जमवत बसू नका. योसिसवाल्यांचाच ओएसएस कॅड सूट हा गठ्ठा उतरवा, सगळं एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांत मिळतं. लिनक्सवर बोर्ड सापडत नसेल तर बहुधा यूएसबीच्या परवानगीचा प्रश्न असतो. दर वेळी सुडो (प्रशासकाचा अधिकार) लावून वेळ मारून नेण्यापेक्षा युडेव्हचा, म्हणजे लिनक्समधल्या उपकरणांच्या परवानगीचा, नियम एकदाच लिहा. अॅनालॉग आणि डिजिटल एकाच चित्रात हवं असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईतल्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं ईसिम पाहा. किकॅड, एनजीस्पाइस आणि व्हीएचडीएल या दुसऱ्या हार्डवेअर-भाषेसाठी जीएचडीएल अशी जोडणी त्यात तयार मिळते, आणि आपल्या महाविद्यालयांतल्या प्रयोगांना ते सोयीचं आहे.

या साधनांच्या मर्यादाही सांगतो. एएमडीचे (पूर्वीचे झायलिंक्स) आणि अल्टेराचे (मध्यंतरी इंटेलचे) मोठे एफपीजीए, डीडीआर मेमरी, गिगाबिट ट्रान्सीव्हर, यांसाठी आज कंपनीचंच सॉफ्टवेअर घ्या. लहान चिपसाठी त्याची बिनपैशाची अधिकृत आवृत्ती मिळते, क्रॅकची गरज तिथेही नाही. नोकरीत बहुधा महागडी पॅकेजेसच वापरायला मिळतील. बटणं वेगळ्या जागी असतील, पण कन्स्ट्रेंट, टायमिंग रिपोर्ट, फूटप्रिंट आणि नेट यांचा अर्थ तोच राहतो. शिवाय किकॅडच्या आणि व्हेरिलॉगच्या फाइली साधा मजकूर असतात. पहिल्या दिवसापासून त्या गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवा. ‘काल चालत होतं’ म्हणण्याची वेळ आली की कालपासून काय बदललं ते एका आदेशात दिसतं. परीक्षकासमोरही सगळं गिटमधल्या साठ्यातून पुन्हा बांधून दाखवता येतं.

शेवटी तुम्ही विचारलंत की या साधनांनी खरी चिप करता येते का. येते. २०२०मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर प्रक्रियेची डिझाइन माहिती खुली केली. योसिसने केलेलं सिंथेसिस पुढे ओपनरोड घेतो आणि चिपचा प्रत्यक्ष लेआउट काढतो, हे सगळं ओपनलेन एका साखळीत बांधतो. अशा चिपा बनवून देणारी ईफॅबलेस ही कंपनी २०२५मध्ये बंद पडली, तरी टायनी टेपआउट हा उपक्रम जर्मनीच्या आयएचपी संस्थेच्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेवरही डिझाइन पाठवतो. त्यात अनेकांची डिझाइनं एकाच चिपवर शेजारी शेजारी बसवतात, म्हणून खर्च वाटला जातो. एका टाइलमध्ये, म्हणजे चिपवरच्या जागेच्या एका तुकड्यात, साधारण हजार लॉजिक गेट बसतात. तुमचा २४ बिटांचा काउंटर त्यात आरामात मावेल, पण बाहेर यायला ८ इनपुट, ८ आउटपुट आणि ८ दोन्हीकडून वापरता येणाऱ्या पिना एवढंच मिळतं, तेव्हा मॉड्यूल लिहायला बसण्याआधी पिनांचा हिशेब करा.